पाठ झालेला बोर्ड

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज पुन्हा चहा कपाच्या बाहेर! बशीत नाही, सरळ टेबलावर. या आठवड्यात तिसऱ्यांदा. म्हटलं, "रुख्मा, लक्ष कुठं राहते तुझं?" तर म्हणे, "कप सरकला." कप सरकला! अठ्ठावन्न वर्षांचा झालो, आपोआप सरकणारा कप मी काही अजून पाहिला नाही.

परवा दाराच्या चौकटीला डावा खांदा ठोकून घेतला. त्याआधी जिन्यात बादलीला पाय. मी म्हटलं चल, आत्ताच्या आत्ता निकाल लावतो. घर वर, दुकान खाली — नेलं खाली आणि गिऱ्हाईकं बसली होती त्यांच्यासमोरच खुर्चीवर बसवलं. उजवा डोळा झाक, डाव्यानं वाच. डावा झाक, उजव्यानं वाच. वरपासून खालपर्यंत खडाखड! शेवटच्या बारीक ओळीला तर श्वासही घेतला नाही. सहा बाय सहा, दोन्ही डोळे. वय वर्षं छप्पन्न!

बाकावरची शकुंतलाबाई म्हणाली, "डाक्टरची बायको हाय ना बाप्पा!" मला लई बरं वाटलं. (मी डाक्टर नाही. चष्मेवाला आहे. पण गोंदियाजवळचं आमचं सगळं कुडवा गाव डाक्टर म्हणते आणि लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?) चष्मेवाल्याची बायको बिनचष्म्याची — याच्यापेक्षा मोठी जाहिरात कोणती! येणाऱ्या-जाणाऱ्याला मी हे सांगतोच.

रुख्मा काहीतरी बोलणार होती. म्हटलं आता बोलू नको, डोळे ठणठणीत आहेत, फक्त डोकं ठिकाणावर ठेव. ती वर गेली. जाताना कठड्याला धरून गेली.

९ नोव्हेंबर, रविवार

पेपरात नीलेशच्या दुकानाचा कागद घालून आला. रंगीत! "कॉम्प्युटरद्वारे मोफत नेत्रतपासणी." पोरगा नागपूरहून डिप्लोमा करून आला, स्टेशनच्या रस्त्यावर काचेचं दुकान टाकलं, आत थंडगार एसी. भेटला की "नमस्ते काका" म्हणते. मला त्या नमस्तेचाच राग येतो.

त्याच्या मशीनमध्ये हनुवटी टेकवायची. आत एक छोटं घर दिसतं, टुकटुक वाजते, कागद बाहेर येतो — झाला नंबर! माणसाला काही विचारायचंच नाही. अरे, डोळा माणसाचा आहे ना? मग माणसालाच विचार ना बाबा. मी विचारतो. सत्तावीस वर्षं झाली, एकच बोर्ड, एकच खुर्ची, एकच डबा काचांचा — आणि एक तक्रार नाही. एक! नीलेशनं असं म्हणून दाखवावं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

रुख्मानं भाजीत मीठ दोनदा घातलं. मी काही बोललो नाही. म्हणजे बोललो, पण थोडंच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मंडईचे दिवस, गावोगावी जत्रा. धान कापून झालं, आता लोकांना डोळे आठवतात — रात्रीची दंडार, नाच-सोंगं दिसली पाहिजेत ना! आज दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. माझा गाळा आगगाडीच्या डब्यासारखा लांब नि अरुंद. मागच्या भिंतीवर बोर्ड, पुढं खुर्ची, खुर्चीला लागून बाक. बाकावर बसून सगळे खुर्चीवरच्याची मजा पाहतात.

मजा म्हणजे परीक्षाच! खुर्चीवरची सून अडली की बाकावरची सासू कुजबुजते, "अवो 'भ' म्हन, 'भ'!" मी रागावतो — "कॉपी चालनार नाही!" — आणि सगळे हसतात. कोणी शेवटची ओळ वाचली की बाकावरून "पास!" असा आवाज येतो. असं घरगुती वातावरण नीलेशच्या एसीत मिळेल का? त्याच्याकडं सगळे मोबाईलात खाली मान घालून बसतात म्हणे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

 हसावं की रडावं कळत नाही.

दुपारी बकारामजी आले, शेजारच्या नागरा गावचे. सत्तरीच्या पुढचे, धोतर पांढरंशुभ्र, आणि नजर — माझ्या तपासणीच्या वहीप्रमाणे — उत्तम. चष्म्याची दांडी ढिली झाली म्हणून आले होते. म्हटलं आलाच आहात तर दूरचं पण पाहून घेऊ. खुर्चीवर बसवलं, पुढचा पडदा ओढला, बोर्डाचा दिवा लावला. डावा डोळा झाकायला सांगितलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी — झकास. चौथीच्या मध्यात लाईट गेली.

बकारामजी वाचतच राहिले!

पाचवी. सहावी. गाळ्यात काळाकुट्ट अंधार, माझा हात मला दिसेना, आणि हे आपले शांतपणे "ठ… भ… ल… श… घ…" करत तळापर्यंत पोहोचले. मग म्हणाले, "झालं जी. आता दुसरा डोरा झाकू का?"

मी म्हटलं, "बकारामजी, लाईट गेली हाय."

 अंधारातून आवाज आला, "हो का? मले वाटलं, डोरा झाकला म्हनून अंधार हाय."

बाकावर कोणीतरी फिस्स केलं. मला हसू नाही आलं. झाकलेला होता डावा, आणि उजव्यानं त्यांना अंधार नि उजेड यातला फरकच कळला नाही! मोतीबिंदू असेल, दुसरं काही असेल. आणि माझ्या वहीत लिहिलं आहे — उत्तम.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

बकारामजींना आज सकाळी पुन्हा बोलावलं. पडदा ओढून बसलो समोरासमोर. म्हटलं, खरं सांगा.

"आता तुमीच सांगा डाक्टर, परीक्षा म्हनलं तं अभ्यास करा लागते ना?" म्हणाले. "पोरगा पास, सून पास, नातू पास, अन मीच नापास होऊ का चार लोकाइसमोर? या बाकावर बसून बसून पाठ झालं."

"पन बकारामजी, न दिसलं तं सांगायचं असते!"

"सांगतलं असतं, तं तुमी मोठा नंबर दिला असता. मोठा नंबर म्हंजे म्हातारा." आणि वर मलाच विचारतात — "तुमी एवढे कायले चिडता? कुडव्यात हा बोर्ड कोनाले पाठ नाई ते सांगा."

दुपारी बाक भरला तेव्हा मी दिवा घालवला आणि नुसतं म्हटलं, "शेवटची ओळ." सहा जण! एका सुरात! शाळेत पाढे म्हणतात तशी! शकुंतलाबाईला अक्षर येत नाही, तिच्यासाठी हातानं दिशा दाखवायचा वेगळा बोर्ड आहे. तर ती अंधारात "वर, खाली, इकडं, तिकडं, इकडं" करत हात हलवत होती. दंडारीत उतरवली असती तर बक्षीस घेऊन आली असती.

सत्तावीस वर्षांत एक तक्रार नाही, त्याचं कारण आज कळलं. ज्याला दिसलं नाही त्यानं चष्म्याला दोषच दिला नाही. पास झालेला माणूस तक्रार कोणत्या तोंडानं करणार? गुपचूप घरी जाऊन डोळे चोळत बसले सगळे. आणि मी इकडं छाती काढून फिरून राहिलो!

२३ नोव्हेंबर, रविवार

जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर काळ्या मार्करनं नवीन बोर्ड लिहिले. माप घेऊन, पट्टी लावून. आठ झाले. रोज एक टांगायचा, संध्याकाळी उतरवायचा. बाक उचलून दाराबाहेर ठेवला.

रुख्मा म्हणाली, "जेवा तं आधी." म्हटलं थांब. मग काहीतरी विचारू लागली, म्हटलं तू मध्ये मध्ये बोलू नको, आधीच डोकं फिरलं आहे, ओळ चुकते माझी.

२६ नोव्हेंबर, बुधवार

लोकांना घरी जाऊन जाऊन बोलावतो आहे. कारण सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून म्हणतो "नवीन बोर्ड आला आहे." येतात बिचारे. नवीन सिनेमा आल्यासारखे येतात.

देवानंद आला. शाळेच्या पोरांची व्हॅन चालवतो. माझ्या वहीत त्याचा नंबर पाव. नवीन बोर्डावर दुसऱ्या ओळीलाच गाडी बंद! पाव नाही, पावणेदोन निघाला.  म्हटलं, "अबे, रोज वीस पोरं घेऊन जाते तू, चालवते कसा?"

"रस्ता पाठ हाय ना जी," म्हणे.

याला थोबाडीत मारावी की स्वतःला, ठरेना. चष्मा तयार होईपर्यंत त्याला व्हॅनला हात लावू दिला नाही, किल्ली त्याच्या भावाकडे देववली. तो म्हणाला, एकदा पास केलं, आता नापास काऊन करता? 

२९ नोव्हेंबर, शनिवार

आतापर्यंत एकेचाळीस माणसं. सत्तावीस जणांचा नंबर चुकला होता. बकारामजींना सरकारी दवाखान्यात पाठवलं, मोतीबिंदू निघाला. निरोप आला त्यांचा — ऑपरेशन करून घेतो, पन गावात सांगू नका, मी पास होतो.

एक जण जाताना विचारत होता, नवीन बोर्ड किती दिवस राहते? पाठ कराले वेळ मिळाला पाहिजे म्हणे. हात जोडले बाबा!

नीलेश रस्त्यात भेटला. "काका, रिचेकिंग सुरू केलं म्हणे? चांगलं आहे." चांगलं आहे म्हणे. याला कोणी सांगितलं कोण जाणे. मी म्हटलं, आम्ही दर काही वर्षांनी करतोच.

४ डिसेंबर, गुरुवार

सकाळी खाली उतरलो. रुख्मा रोजच्यासारखा जुना बोर्ड पुसत होती. तो मी उतरवलेला नाही, काढायची इच्छा होत नाही. फडकं काचेवर, तोंड दाराकडं, कोणी दूधवाला आला का पाहात. आणि ओठ हलत होते. ठ, भ, ल, श, घ. जात्यावर बसलेल्या बाईच्या तोंडी ओवी यावी तसं येत होतं, तिचं तिलाही कळत नसेल.

मी पायरीवर उभाच राहिलो.

एकेचाळीस माणसं बोलावली. दारोदार फिरलो. घरातली एक राहिली! कशी राहिली? मी विचारच केला नाही. का केला नाही ते लिहायलाही लाज वाटते — मला वाटलं, टेकचंद चष्मेवाल्याच्या बायकोच्या डोळ्यांना काय होणार!

आज विचारलं नाही. उद्या पाहू.

५ डिसेंबर, शुक्रवार

म्हटलं, "रुख्मा, नवीन बोर्डावर एकदा बस." म्हणाली, "लोकाइचं पाहा. माहं पाहून काय कराल?" आणि कपडे वाळू घालायला गेली.

उद्या.

८ डिसेंबर, सोमवार

दुकान बंद. रुख्मा गच्चीवर उन्हात नवीन तांदूळ निवडत बसली होती. सूप मांडीवर. मी तिच्यासमोर जाऊन बसलो आणि काही न बोलता तळहातानं तिचा उजवा डोळा झाकला.

"किती बोटं?"

"तीन."

"आता?"

"दोन."

माझा दुसरा हात मांडीवरच होता. मी तो वर केलाच नव्हता.

परमेश्वरा! सगळं एका क्षणात लख्ख झालं — डावा खांदा, डावीकडची बादली, टेबलावरचा चहा. आणि मी काय म्हटलं होतं? डोकं ठिकाणावर ठेव! चार लोकांसमोर म्हटलं होतं! चौकातल्या पोरापासून ते नागऱ्याच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांचे डोळे उघडायला निघालेला माणूस मी. घरात माझी बायको एका डोळ्यानं आंधळी होत होती आणि मी तिची जाहिरात करत होतो.

रडलो मी. सुपातल्या तांदळावर टिपं पडली. तीच माझा हात धरून म्हणायला लागली, "अवो, रडता कायले? आयका तं, मी तुमाले सांगून राहिली —" म्हटलं तू एक शब्द बोलू नको. माझी चूक आहे, तू कशाला समजूत काढते? तिनं सूप बाजूला ठेवलं आणि पदरानं माझेच डोळे पुसले.

९ डिसेंबर, मंगळवार

डाव्याचं झालं ते झालं. पण उजवा? उजवाही गेला तर? तिला टीव्हीवरच्या मालिका पाहायला आवडतात, बाजारात एकेक वांगं उलटून पाहून घेते, नातवंडांचे फोटो मोबाईल नाकाला लावून पाहते. हे सगळं गेलं तर मी तिला तोंड कसं दाखवू — आणि तिला ते तोंड तरी दिसेल का!

डोळ्याचा चांगला डॉक्टर कोण, हे मला माहीत नाही. गंमत आहे. सत्तावीस वर्षं लोकांना मी सांगत आलो, डॉक्टर कायले पाहिजे, मी आहे ना. आता कोणाला विचारू? गोंदियात हे माहीत असणारा एकच माणूस मला आठवला, आणि तो आठवू नये म्हणून सकाळभर प्रयत्न केला.

त्याच्या दुकानासमोरून दोनदा गेलो. तिसऱ्यांदा शिरलो. एसी खरंच थंड आहे.

नीलेश उठून उभा राहिला. "बसा काका." पाणी दिलं. म्हटलं, एक बाई आहे ओळखीतली, वय छप्पन्न, डाव्या डोळ्यानं दिसत नाही. कोण बाई, हे त्यानं विचारलंच नाही. शहाणा पोरगा आहे, समजून गेला असेल. म्हणाला, "काचबिंदू असू शकतो काका. गेलेली नजर परत येत नाही. पण उरलेली औषधानं टिकते, वेळेत गेलं तर." नागपूरच्या डॉक्टरचं नाव कागदावर लिहून दिलं, फोन नंबर दिला. मला दारापर्यंत सोडायला आला. त्याच्या नमस्तेचा आज राग नाही आला.

वेळेत गेलं तर! सहा नोव्हेंबरला मला समोर दिसत होतं, आणि आज नऊ डिसेंबर आहे.

१० डिसेंबर, बुधवार

शुक्रवारची वेळ मिळाली. दोन दिवस तिच्या मागं मागं फिरतो आहे. जिन्यात हात धरतो, ती झटकते. म्हणते, "पडून नाई राहिली मी." सकाळचा चहा मी केला. अर्धा बाहेर सांडला. मला तर दोन्ही डोळे आहेत.

जुना बोर्ड उतरवला. दोनदा म्हणाली, "जरा बसा, बोलायचं हाय." मी म्हटलं, मला माहीत आहे तुला काय बोलायचं आहे, भीती वाटते ना? घाबरू नको, मी आहे. तिनं कपाळाला हात लावला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

नागपूर. काउंटरवर नाव सांगितलं. पोरगी कॉम्प्युटरात पाहून म्हणाली, "यांची फाईल आहे की. एप्रिलपासून. पाठवणारे — नीलेश, गोंदिया. चौथी तपासणी ना?"

एप्रिलमध्ये रुख्मा इथं नागपुरात तिच्या बहिणीकडं, दामिनीकडं, बारशाला आली होती, मग आणखी दोनदा तिला भेटायला. असं मला माहीत होतं. तिनं पिशवीतून थेंबांची छोटी बाटली काढून पोरीसमोर ठेवली. म्हणाली, "हे सरत आली, दुसरी लिहून द्या म्हना."

उजवा डोळा सुखरूप आहे. डॉक्टर म्हणाले, बाई वेळेत आल्या, एक दिवस थेंब चुकवले नाहीत. मग मला विचारलं, तुम्ही काय करता?

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मला काऊन नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं, तं तुमी मले पुन्हा बोर्डच वाचाले लावलं असतं."

लावलं असतं.